डोंगरउताराच्या सायकली : वर्कशॉपच्या वहीतून

२७ ऑक्टोबर

लाल सायकलचा पुढचा शॉकअप उतारावर खालून निसटला. पोरगा बारावीचा. ओघळावरून उडी मारली, चाक हवेत गेलं आणि शॉकअपच्या खालच्या नळ्या चाकासकट सुटून आल्या. मनगट मोडलं, हनुवटीला टाके पडले. डोकं वाचलं ते पऱ्हाटीच्या वावरात पडला म्हणून.

पठारावरून गावाकडे उतरणारी ती जुनी बैलगाडीची वाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, गायरानातून येते. त्यामुळे तिथं सायकल चालवायला कोणाची हरकत नाही. दिवाळीच्या सुट्ट्यांत आठ-दहा पोट्टे रोज वर सायकली ढकलत नेतात आणि बोंबलत खाली येतात. सरपंचबाई म्हणाल्या, वाट बंद केली तर पोट्टे चोरून जातील, त्यापेक्षा सायकली पाहून द्या. त्यामुळे हे काम माझ्याकडं आलं. मजुरी घ्यायची नाही, सामान ज्याचं त्यानं आणायचं. प्रत्येक सायकल खोलायची आणि ती डोंगरावर चालेल, फक्त सडकेवर चालेल की उभीच ठेवायची हे ठरवायचं. फ्रेमवर रंगाचा पट्टा मारायचा: हिरवा, पिवळा, लाल. वही यासाठीच.

लालचा शॉकअप खोलला. आत एका बाजूला स्प्रिंग, दुसरी बाजू रिकामी. खालची नळी वरच्या नळीला फक्त तळातून आलेल्या एका लांब बोल्टनं धरलेली असते. हा बोल्ट प्लास्टिकच्या तुकड्यात आवळलेला होता आणि प्लास्टिकचे आटे घासून गुळगुळीत झाले होते. दुसऱ्या बाजूचा बोल्ट बहुतेक आधीच ढिला होऊन पडला असावा. सडकेवर वजन नेहमी वरून दाबतं, म्हणून हे दोष लपून राहतात. चाक जमीन सोडतं तेव्हाच ते उघडे पडतात.

३० ऑक्टोबर

सगळ्या सायकली वर्कशॉपसमोर मांडल्या. बहुतेक सात ते दहा हजारांच्या. रुंद टायर, गिअर, डिस्क ब्रेक, पुढं शॉकअप, नळीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत डोंगराचं काहीतरी नाव. एका पोराच्या घरी सायकलसोबत आलेली पुस्तिका सापडली. तिच्यात बारीक अक्षरात लिहिलंय की उड्या, कसरती आणि खडकाळ वाट यांसाठी ही सायकल नाही. नळीवर डोंगराचं नाव आणि पुस्तिकेत डोंगर वर्ज्य.

कागदावर हिशोब मांडून दाखवला. आठ हजारांतून दुकानदाराचा नफा, वाहतूक आणि कर वजा करा. उरलेल्यात एकवीस गिअर, दोन डिस्क, शॉकअप आणि चकचकीत रंग, हे सगळं दिसणारं सामान बसवायचं. मग हबचे (चाकाच्या मधल्या तुंब्याचे) छर्रे, एक्सल (त्यातून जाणारी सळई), पायडलचा दांडा, ब्रेकची वायर यांना किती राहिलं? तेवढ्याच पैशात शॉकअप आणि गिअर नसलेली सायकल घेतली असती तर तोच पैसा चाकात आणि चिमट्यात (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या भागात) गेला असता. माझं भांडण स्वस्त किमतीशी नाही. स्वस्त किमतीत महागाचं दिसणं विकलं जातं, त्याच्याशी आहे.

"पण काका, शॉकअप हाय म्हणून तं दगडावरून आरामात जाते."

"जाते. वापस कशी येते ते लालवाल्याले इचार."

२ नोव्हेंबर

दोन सायकलींत चिमटा उलटा बसवलेला निघाला. कारखान्यातून सायकल अर्धवट जोडलेली, खोक्यात येते. हँडल, पुढचं चाक, पायडल दुकानात बसवतात आणि दिवाळीच्या गर्दीत दुकानातलं पोरगं जे हाती येईल ते आवळतं. चिमट्याचा बाक पुढच्या बाजूला हवा. उलटा असला की चाक मागं सरकतं, वळताना पायाचा अंगठा टायरला लागतो आणि सायकलची लांबी कमी झाल्यानं उतारावर ती पुढं कलंडायला बघते. घरी ओळखायचं कसं? शॉकअपला दोन पायांना जोडणारी कमान बहुतेक सायकलींत समोर असते, आणि डिस्कचा कॅलिपर (चकतीला दाबणारा भाग) चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला. तो उजवीकडे दिसला की समजा गडबड आहे. पंधरा मिनिटांचं काम. दोन्ही सरळ केले.

हिरव्या रंगाच्या सायकलचं हँडल पोरानं उंच वाटावं म्हणून वर ओढून ठेवलं होतं. दांड्यावर कमीत कमी किती आत हवं याची रेघ असते, ती रेघ दोन बोटं बाहेर. अशात हँडल हातात येतं. खाली बसवून आवळलं.

डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं हे माहीत नसल्यानं एकीत ते तिरकंच घुसवलेलं. क्रँकचे (पायडल ज्या दांड्यात बसतं त्याचे) आटे गेले. नवी क्रँक लागेल.

६ नोव्हेंबर

वाट पायी उतरून पाहिली, सोबत तीन पोट्टे आणि निवृत्त गुरुजी. वरचा भाग सुट्या मुरुमाचा, चाक घसरतं. मधल्या टप्प्यात काळा खडक जमिनीतून वर आलेला आणि पावसाच्या पाण्यानं कापलेले आडवे ओघळ, काही हातभर खोल. सागाची वाळकी पानं ओघळावर बसली की वरून सपाट दिसतं. खाली नाला, अजून पिंढरीएवढं पाणी. नाला ओलांडला की काळी माती. ती ओली असली की टायरला चिकटून चिमट्यात आणि ब्रेकमध्ये भरते, चाक फिरायचंच थांबतं.

मोबाइलच्या नकाशात उतरण साधारण १०० मीटर दिसते. गुरुजींनी तिथंच दगडावर बसून गणित केलं. पोरगा ६० किलो, सायकल १८ किलो. एवढं वजन १०० मीटर खाली आणायचं आणि वेग वाढू द्यायचा नाही, तर ब्रेकला सुमारे ७६ किलोज्यूल उष्णता गिळावी लागते. एक लिटर पाणी १८ अंशांनी तापवेल एवढी. ऐकायला थोडी वाटते, पण डिस्कची पातळ चकती शंभर-दीडशे ग्रॅमची. हवेनं ती थंड केली नाही तर ती कुठच्या कुठं तापेल. म्हणून सतत ब्रेक दाबून उतरू नये, टप्प्याटप्प्यानं थांबावं. पोट्ट्यांना हे पटलं, कारण एकाचं बोट चकतीवर आधीच भाजलेलं होतं.

९ नोव्हेंबर

आज फक्त ब्रेक.

अर्ध्या सायकलींचा पुढचा ब्रेक काढून टाकलेला किंवा मुद्दाम ढिला ठेवलेला. कारण एकच: पुढचा लावला की सायकल उलटते. ही भीती आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या चालत आलीय. ब्रेक लावला की वजन पुढं झुकतं, मागचं चाक हलकं होतं आणि नुसतं घासत जातं. मागच्या एकट्या ब्रेकवर मुरुमाच्या उतारावर सायकल थांबत नाही, फक्त तिरपी होते. थांबवण्याचं खरं काम पुढचाच करतो. बूड सीटच्या मागं सरकवून, दोन बोटांनी हळूहळू दाबला तर उलटत नाही. वळणावर मात्र दाबायचा नाही. वळणाआधीच वेग मारायचा.

डिस्क ब्रेक पाहून मन खट्टू झालं. स्वस्त वायरच्या कॅलिपरमध्ये एकच पॅड सरकतं, समोरचं जागेवर असतं. समोरचं पॅड आणि चकती यांतली फट आपण वेळोवेळी स्क्रूनं कमी केली नाही तर चकती वाकवत बसावं लागतं. चकतीचे सहा बोल्ट असतात. एका सायकलीला चारच निघाले आणि तेही हातानं फिरत होते. दुसरीत ब्रेकच्या वायरवर गिअरचं आउटर (वायरवरचा पाइप) टाकलेलं. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीला असतात, ब्रेकचा जोर आला की ते फाटतं. ब्रेकच्या आउटरमध्ये तार गोल वेटोळ्यानं गुंडाळलेली असते. दिसायला दोन्ही काळे पाइप, म्हणून कोणी पाहत नाही.

रबरी ब्रेक आणि लोखंडी चमकदार रिम असलेल्या सायकलींचं दुखणं वेगळं. कोरड्यात ठीक. नाल्यातून बाहेर आलं की रिमवर पाण्याचा थर असतो आणि ब्रेक दाबूनही सायकल चालतच राहते. अॅल्युमिनियमच्या रिमला हा त्रास बराच कमी. लोखंडी रिमवाल्यांनी नाल्यानंतर पायी चालायचं, ठरलं.

१४ नोव्हेंबर

मागची चाकं खोलली. माझ्या मते सगळ्यात मोठा दोष इथंच आहे, आणि दुकानात उभं राहून तो दिसतही नाही.

गिअरच्या सहा-सात दातेरी चकत्यांची फ्रीव्हील हबच्या बाहेरच्या आट्यांवर आवळलेली असते. तिला जागा द्यायची म्हणून उजव्या बाजूचे छर्रे हबच्या आत, मधल्या बाजूला ढकलले जातात. छर्ऱ्यापासून फ्रेमच्या कापापर्यंत एक्सलचा तेवढा तुकडा अधांतरी राहतो. सडकेवर चालतं. दगडावर मागचं चाक आदळलं की ही १० मिलिमीटरची सळई तिथंच वाकते, पुढं तुटते. महागाच्या सायकलीत चकत्या ज्या भागावर बसतात तो हबचाच भाग असतो आणि छर्रे अगदी बाहेरच्या टोकाला असतात, म्हणून एक्सलला आधार मिळतो.

काढलेल्या एक्सल काचेवर लोळवल्या. सरळ लोळल्या थोड्या, डगमगल्या जास्त. काळीपांढरीची तर हातात धरली तरी वाकलेली कळत होती. वाकल्या एक्सलनं छर्रे एका बाजूला घासतात, छर्रे ज्यावर फिरतात तो एक्सलवरचा कोन झिजतो, चाक डुलतं आणि डुलणारं चाक ब्रेकला लागतं. पोरगा ब्रेक ढिला करतो. असं एकातून एक.

उपाय? पोट्ट्यांना विचारलं, डोंगर चढताना गिअर किती वापरता? सगळे हसले. चढावर ढकलतात, उतारावर पायडल मारत नाहीत. मग कायले पाहिजेत एकवीस गिअर? तीन सायकलींत साधी १८ दात्यांची फ्रीव्हील बसवली. आटे तेच असतात, जुन्या साध्या काळ्या सायकलची चालते. चेन जाड घेतली, एक्सलवरचे वॉशर डावीउजवीकडं बदलून चाक मधोमध आणलं, स्पोक पुन्हा ओढले. फ्रेमचे मागचे काप लांबट होते म्हणून चेन ताणता आली. ज्या फ्रेमचे काप सरळ खाली उघडतात तिथं हे जमत नाही.

गिअर काढण्यानं आणखी एक धोका गेला. दगडाला लागून मागचा गिअर (चेन सरकवणारा लोंबता भाग) आत वाकलेला असतो आणि सर्वात मोठ्या चकतीवर चेन टाकली की तो थेट स्पोकमध्ये शिरतो, चाक जागीच जाम. ज्यांनी गिअर ठेवले त्यांचे चेन फार आत जाऊ न देणारे मर्यादेचे स्क्रू आवळून दिले.

१६ नोव्हेंबर

परतवाड्याहून सामान आलं नाही. पोट्टेही वेचणीवर. काम बंद.

२१ नोव्हेंबर

डबल शॉकअपवाल्याचं आणि माझं वाजलं. पोराच्या बापानं कापूस विकून घेतलेली सायकल, गावातली सगळ्यात जड, सगळ्यात देखणी. मागच्या सांध्यात प्लास्टिकची बुश, ती घासून मागचं चाक हातानं डावीउजवीकडं हलतं. स्प्रिंगला फक्त दबणं आणि उसळणं माहीत. चांगल्या शॉकअपमध्ये तेल ती उसळी मंद करतं, इथं ती सोयच नाही. दगडावर दबलेली स्प्रिंग पुढच्या दगडाच्या वेळी माणसाला वर फेकते. बंडीच्या बैलानं ऐनवेळी पाय झाडावा तसं. मी पट्टा पिवळा मारला.

"काहून काका? साऱ्यात महाग तं माहीच हाय."

"म्हणूनच तं दुःख होऊन राह्यलं."

स्प्रिंगच्या जागी लोखंडी पट्टी टाकून मागचा भाग कडक करा, असा आग्रह झाला. नाही केलं. ती फ्रेम सांध्याच्या हिशोबानं बनवलेली, नळ्या पातळ. सांधा बंद केला की तोच मार कुठल्यातरी दुसऱ्या जोडावर जाईल आणि कुठल्या ते मला सांगता येणार नाही. पोरगा दोन दिवस बोलला नाही. नाही बोलला तर नाही.

२५ नोव्हेंबर

संध्याकाळी गुरुजींनी पोट्ट्यांना या खेळाची जन्मकथा सांगितली. मला ती इतकी पटली की लिहून ठेवतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरिन भागात, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या डोंगरउतारावर २१ ऑक्टोबर १९७६ ला काही पोरांनी सायकलींची शर्यत लावली. उतार दोन मैलांहून थोडा जास्त, उतरण सुमारे १३०० फूट. सायकली कोणत्या? १९३०-४० च्या दशकातल्या भंगारातल्या, जाड टायरच्या, गिअर नसलेल्या, दणकट लोखंडी. ब्रेक मागच्या हबमध्ये, पायडल उलटं मारून लागणारा. खाली येईपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि हब खोलून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. पुढच्या वर्षी, १९७७ मध्ये, त्यांच्यातल्याच जो ब्रीझ नावाच्या पोरानं खास या कामासाठी फ्रेम बनवली. भराभर कारखान्यातून निघणाऱ्या डोंगराच्या सायकली १९८१ पासून आल्या.

म्हणजे सुरुवात भंगारातल्या सायकलींनीच झाली, त्यांना ना शॉकअप ना डिस्क. पण त्या स्वतः खोलून, मजबूत करून घेत होते आणि काय तुटतं ते पाहून पुढची बनवत होते. माझ्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात आजोबांची काळी सायकल उभी आहे, पोट्टे तिच्याकडं आता जरा वेगळ्या नजरेनं पाहतात. तिलाही डोंगरावर नेऊ म्हणाले. नेऊ नका. दांड्यांच्या ब्रेकला त्या उताराची ताकद नाही आणि सीटवर उंच बसलेल्या माणसाचा तोल जातो.

३० नोव्हेंबर

निळीच्या फ्रेमला हँडलच्या मागं, खालच्या नळीवर रंगाला सुरकुती दिसली. नखानं खरवडलं तर केसासारखी चीर, जोडाच्या बाजूनं अर्ध्या नळीपर्यंत गेलेली. मालकाचे वडील म्हणे, "तू तं वेल्डिंगवाला हायस बाप्पा, दोन मिनिटांचं काम."

गेट, ट्रॉली, नांगराचा फाळ, सायकलचं कॅरिअर, स्टँड, काहीही आणा, जोडून देतो. हँडलच्या नळीजवळ हात लावत नाही. भिंत मिलिमीटरभर जाडीची, माझ्या रॉडनं भोक पडायचं. नाही पडलं तरी टाक्याच्या कडेला तापलेल्या लोखंडात पुन्हा चीर निघते, आणि ती जागा तुटली की पुढचं चाक आणि हँडल एकीकडं, माणूस दुसरीकडं. जुन्या काळ्या सायकलींच्या नळ्या सांध्यात घालून पितळेनं जोडतात, ती कारागिरी वेगळी.

निळीची फ्रेम भंगारात. दुसऱ्या एका सायकलची गंजलेली पण सरळ फ्रेम होती, तिच्यावर निळीची चाकं चढवली. पोट्टे तिला निळीच म्हणतात.

लालला अमरावतीहून साधा चिमटा मागवला. कोणताही चिमटा चालत नाही. शॉकअपपेक्षा फार आखूड चिमटा टाकला तर पुढचा भाग खाली येतो, हँडल उभट होतं आणि पायडल दगडाला घासतं. जुन्या शॉकअपवर वजन ठेवून दबलेली उंची मापली आणि तेवढ्याच्या जवळपासचा, रबरी ब्रेक बसवायचे खुंट असलेला मागवला.

४ डिसेंबर

वाटेवर चाचणी. हिरव्या पट्ट्याच्या सायकलीच फक्त. सीट खाली, दोन्ही पायडल समतल, ढोपर-कोपर सैल, हातमोजे नसतील तर जुने सुती मोजे तरी, हेल्मेट सक्तीचं. हेल्मेट तीनच आहेत, म्हणून एका वेळी तिघंच. खडकाचा टप्पा सगळ्यांनी पायी. कुरकुर झाली. खाली आल्यावर प्रत्येक चाक फिरवून पाहिलं आणि स्पोक बोटानं वाजवले. सगळे एका सुरात वाजले तर ठीक, एखादा भद्द वाजला तर ढिला. नव्या चाकाचे स्पोक पहिल्या काही फेऱ्यांत हमखास सैल होतात, तेव्हाच आउट (चाकाचं डुलणं) काढायचा, नाहीतर एक तुटला की शेजारचे तुटत जातात. डाव्या क्रँकचा बोल्टही दोघांचा ढिला झालेला. तो ढिला असताना चालवलं की चौकोनी भोक गोल होतं, मग कितीही आवळा.

अंधार पडायच्या आत सगळे खाली. त्या वाटेला अस्वल असतं, मोह फुलला की तर नक्कीच.

८ डिसेंबर

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरताईंना बोलावलं. लालवाल्याला त्या दिवशी मोटारसायकलवर दोघांच्या मधात बसवून आणलं होतं. सिस्टरताई चिडल्या. मान किंवा पाठ दुखते म्हणतो, हातपायाला मुंग्या येतात, बेशुद्ध झाला, तर जागेवरून हलवायचं नाही, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं आणि १०८ ला फोन. नाल्यात मोबाइलला रेंज येत नाही. वरच्या माळावर येते. म्हणून एकानं वर थांबायचं, तो त्या फेरीत उतरणार नाही.

१४ डिसेंबर

शेजारच्या गावचे एक शिक्षक विचारायला आले, भाच्यासाठी कोणती घेऊ. आठ-दहा हजारच असतील तर शॉकअप आणि डिस्क नसलेली घ्या, अॅल्युमिनियमची रिम, रबरी ब्रेक, कमी गिअर. दुकानातून उचलून थेट डोंगरावर नेऊ नका, आधी एखाद्या मिस्त्रीकडं सगळे बोल्ट आवळून घ्या. खरंच दगडाच्या वाटेवर न्यायची असेल तर थांबा, पैसे जमवा, किंवा चांगली पण जुनी सायकल शोधा आणि घेण्याआधी एक्सल, चिमटा, हँडलमागची नळी पाहा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढंमागं हलवा, खडखड आली तर शॉकअप किंवा हँडलचे छर्रे ढिले आहेत. भाच्याला डबल शॉकअप हवी आहे म्हणाले. असेलच.

लालचा चिमटा आला, बसवला, पट्टा हिरवा. पोराचं प्लास्टर निघालंय, पण डॉक्टरांनी अजून हँडल धरू नको म्हटलंय.

बाकी काम: काळीपांढरीची क्रँक, हेल्मेट आणखी दोन (ग्रामपंचायतीकडं अर्ज दिला), निळीच्या मागच्या चाकाचे स्पोक जानेवारीत पुन्हा पाहायचे.